रिकामी फळी

आईबाप ऊसतोडीला गेलेली मुलं आमच्या गावच्या समाजमंदिरात राहून शाळा शिकतात. त्यांच्या पुस्तकांसाठी आम्ही भिंतीला फळी ठोकून दिली, तरी सुरेखाची पुस्तकं आपली ओढणीत बांधलेलीच. उसाच्या फडावरची सवय, दुसरं काय, असं वाटून मी जरा रागावलेच.

"उचलायला बरं पडतं, बाई," ती म्हणाली. "परवा इथं लगीन होतं, तवा आमी शाळेच्या व्हरांड्यात झोपलो."

जिथे वस्तू मागे ठेवून निर्धास्त जाता येतं, ते घर. एवढं तिला कळत होतं.

त्या लग्नात मी जेवायला होते. मुलं कुठे गेली, हा प्रश्नही मला पडला नाही. हात धुवायला जाताना पर्स मी त्याच फळीवर ठेवली होती, अगदी निर्धास्त.