बाबांचं इंग्रजी गेलं तेव्हा

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर सायन्स करत होते, तेव्हा बाबांना स्ट्रोक आला. आमचं घर अमेरिकेत, पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीजवळच. आईचा फोन आला आणि मी ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग हॉस्पिटलात पोचले.

आई बाहेर काउंटरवर इन्शुरन्सची माहिती देत होती. आत बाबा शुद्धीवर होते. उजवा हात लुळा पडला होता, नजर मात्र नेहमीसारखी मिश्कील. एक तरुण डॉक्टर त्यांना आपलं मनगट दाखवून इंग्रजीत विचारत होती, "हे काय आहे?" बाबा काहीतरी म्हणाले. ती नर्सला म्हणाली, "बोलणं असंबद्ध आहे."

"असंबद्ध नाही," मी म्हटलं. "ते घड्याळ म्हणाले. बरोबर सांगितलं त्यांनी."

डॉक्टर माझ्याकडे वळली. बाबांनी अर्धं आयुष्य अमेरिकेतल्या ऑफिसात इंग्रजीत काढलं होतं, आणि आता त्यांना इंग्रजीतला एक शब्द सापडत नव्हता. मराठी मात्र जागच्या जागी होती. डॉक्टरने मला पलंगाशी उभं केलं. ती सांगणार आणि मी मराठीत विचारणार. पंचाईत अशी, की घरी बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायची. डोळे मिटा, जीभ दाखवा, इथपर्यंत जमलं. मग डावा 'थंब' आला आणि मी अडले.

"बाबा, डावं जाडं बोट वर करा."

बाबांनी अंगठा वर केला आणि सावकाश म्हणाले, "अंगठा म्हण, गाढवे."

"काय म्हणाले?" डॉक्टरने विचारलं.

"माझी चूक सुधारली, आणि मला गाढव म्हणाले."

ती खळखळून हसली. "म्हणजे भाषा शाबूत आहे," म्हणाली, आणि बाबांच्या मेंदूचा स्कॅन दाखवत तिने मला समजावलं, की इजा कुठे झाली आहे आणि कधीकधी एक भाषा मिटून दुसरी उघडी कशी राहते. मी उभ्या उभ्या तिला इतके प्रश्न विचारले, की शेवटी तिनेच मला खुर्ची दिली.

बाबा घरी आले. रोज संध्याकाळी आमची शाळा भरायची. मी त्यांना चित्रं दाखवून इंग्रजी शिकवायची आणि ते माझी मराठी दुरुस्त करायचे. मी म्हणायची, "दूध संपली." ते म्हणायचे, "संपलं. दूध काय बाई आहे?" त्यांना पहिल्यांदा परत मिळालेला शब्द होता 'थँक्यू'. तो मिळाल्यावर त्यांनी कुणालाच सोडलं नाही. ग्रोसरीच्या दुकानाचं दार आपोआप उघडलं, की दारालासुद्धा थँक्यू.

पुढच्या वसंतात दुसरा स्ट्रोक आला आणि त्यातून बाबा उठले नाहीत. संध्याकाळ झाली की मला काय करावं ते कळायचं नाही. चूक करावी तर सुधारायला कुणी नव्हतं. मग मी मेंदूवरची पुस्तकं लायब्ररीतून आणून वाचायला लागले.

एक दिवस आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मी मेडिकलला जायचं म्हणतेय."

"बाबांसाठी म्हणून जाऊ नकोस," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणासाठी म्हणून इतकी वर्षं अभ्यास होत नाही. तुला आवडतंय का, ते सांग."

मी जरा घुटमळले. "त्या दिवशी हॉस्पिटलात, एवढी घाबरलेली असूनही, मला मजा वाटत होती."

आई कितीतरी दिवसांनी हसली. "तुझ्या बाबांनाही वाटत होती. मला रोज सांगायचे."

मी मेजर, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, बदलला. केमिस्ट्रीने रडवलं, पहिल्या वर्षी मेडिकलला ॲडमिशन मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी मिळाली. आता मी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, मेंदूची डॉक्टर आहे आणि स्ट्रोकचे पेशंट बघते. काम खूप असतं, पण सोमवारी सकाळी कामावर जायचा कंटाळा आलाय, असं मला आठवत नाही.

आई माझ्याकडेच राहते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी ताट हातात घेतलं रे घेतलं, की एखादे काका डोकेदुखी घेऊन येतात, त्यांच्यामागे एखाद्या काकू मुंग्या येणारे पाय घेऊन. आई मध्ये उभी राहून सगळ्यांना सांगते, "एकेक जण बोला. आणि आधी तिला जेवू द्या, भजी गार होतायत." मग मला बाजूला बसवते आणि काकूंना स्वतःच विचारायला लागते, "मुंग्या कधीपासून येतायत? साखर तपासलीत का?"