चौदा सर्व्हर आणि दोन पक्ष

रविवार, १५ जून. सकाळी धुकं, अकरानंतर ऊन, वारा नैर्ऋत्येकडून.

ऑफिसातल्या गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही. खणातल्या जुन्या केबलसारख्या त्या साचत जातात. कोणती कशाची ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आज खण उघडलाय, तर पाच-सहा बाहेर काढते.

आधी थोडी ओळख. मी लायडनला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. घरात त्याचा एक टाकाऊ लॅपटॉप होता. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, मोडली, परत टाकली. रोज काय केलं, काय बिघडलं आणि कशाने सुधारलं, हे वहीत लिहून ठेवत गेले. असं करत बारा वर्षांत शिकले. गेल्या वर्षी इथल्या सायन्स पार्कातल्या एका प्रयोगशाळेने मला सर्व्हर सांभाळायला घेतलं. एका वर्षाचा करार, मेअखेर संपणारा. त्यांचे चौदाही सर्व्हर विंडोजवर होते. त्यातले तीन जुने झाले होते, ते लिनक्सवर आणून बघायचे होते. आमची प्रमुख मरायके पहिल्याच दिवशी म्हणाली, "जमलं तर बाकीचेही नेऊ, मग तू कायमची. नाही जमलं तर सगळं परत विंडोजवर. मग मात्र तुला ठेवायला माझ्याकडे कारण नसेल."

डच माणूस असं तोंडावर सांगतो आणि मग विचारतो, "कॉफी?"

*

मुलाखत घेतली विमने. विम साठीला आलेला, सर्व्हर रूमचा वीस वर्षांचा राजा आणि कट्टर विंडोजवाला. बोलायचा इंग्रजीत, शिव्या तेवढ्या डचमध्ये.

"सर्टिफिकेट कोणतं?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि पिशवीतून सात वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

त्याने एक उघडली. मराठी. दुसरी उघडली. तीही मराठी. समासातल्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "हा ढग कसला?"

"त्या दिवशी आभाळ होतं."

विमने वही मिटली आणि मरायकेकडे वळून म्हणाला, "सर्टिफिकेटवाले मी खूप पाहिले. त्यातल्या एकालाही काल काय केलं ते आठवत नव्हतं. हिला घ्या. लिनक्सचं बघू नंतर!"

*

टीममधला तिसरा माणूस सचिन. पुण्याचा, तिशीतला, विंडोजची चार सर्टिफिकेटं असलेला. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याने तोंड उघडलं.

"मेधाताई, तुम्ही लिनक्सवाल्या? म्हणजे फुकटवाल्या!"

"अरे, घरचा वरणभातही फुकटच असतो. म्हणून काय हॉटेलातला भारी होतो का?"

सचिन एकटा राहायचा. त्याने हातातल्या थंड चीज-सँडविचकडे बघितलं, मग माझ्या डब्याकडे बघितलं.

"ताई, हा मुद्दा तुम्ही जिंकलात. थोडा भात मिळेल?"

*

आमच्याकडे एक नियम होता. चालू सर्व्हर ज्याच्या हातून बंद पडेल, त्याने सगळ्या मजल्याला केक आणायचा. पक्ष कोणताही असो, केक सारखाच.

नोव्हेंबरात माझी पाळी आली. समोर स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक चाचणीच्या सर्व्हरची, एक खऱ्याची. दोन्ही हुबेहूब. मी चाचणीची समजून एकीत 'बंद होऊन पुन्हा सुरू हो' अशी आज्ञा दिली, एंटर दाबलं, आणि कॉरिडॉरमधून आवाज आला, "मायक्रोस्कोपचं बुकिंग कुठे गेलं?"

अकरा मिनिटं बुकिंग बंद होतं. विमने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकच शब्द उच्चारला, "केक!"

मला केक येत नाही. मी रव्याचे साठ लाडू वळून नेले. डबा दुपारपर्यंत रिकामा झाला. वहीत लिहिलं: 'खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल करणे. चाचणीची हिरवी.' तेव्हापासून तशीच आहे.

चार दिवसांनी एक प्राध्यापक माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारून गेले, "पुढचा सर्व्हर कधी पाडणार आहात?"

*

मार्चपासून दुपारी सर्व्हर बंद पडू लागले. एखाद्या दिवशी माझा, एखाद्या दिवशी त्यांचा.

"तुझ्या लिनक्समुळे नेटवर्कवर ताण येतो," विम म्हणाला.

"तुमच्या अपडेटमुळे येतो," मी म्हटलं.

"दोघांनी आपापलं तपासा," मरायके म्हणाली. आम्ही आपापलं सोडून एकमेकांचं तपासलं. पाच आठवडे!

एका शनिवारी घरी बसून मी वहीतले ते दिवस एकाखाली एक लिहून काढले. सात वेळा सर्व्हर पडले होते. सातही वेळा समासात सूर्य काढलेला होता. ढग एकदाही नव्हता.

सोमवारी आम्ही तिघे दुपारी चार वाजता सर्व्हर रूममध्ये जाऊन उभे राहिलो. ती आधी कोठीची खोली होती. तिला पश्चिमेला एक उंच खिडकी होती, आणि कलतं ऊन थेट सर्व्हरच्या रॅकवर पडत होतं. रॅकला हात लावला तर चटका बसत होता. एसी बिचारा थकला होता.

विम शिडीवर चढला आणि काचेला आतून चंदेरी कागद चिकटवला. त्यानंतर एकही सर्व्हर पडला नाही.

शिडी धरून उभा असलेला सचिन विचारात पडला होता. "ताई," तो म्हणाला, "सूर्य कोणत्या सिस्टीमवर चालतो हो?"

*

माझी मुलगी सई बारा वर्षांची. शाळेत आईच्या कामाविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. तिने डचमध्ये दोनच लिहिल्या: 'माझी आई विम नावाच्या माणसाशी भांडते. दोघांनाही त्याचा पगार मिळतो.'

*

आणि ही मेमधली गोष्ट.

मरायकेने मीटिंग बोलावली. माझ्या कराराचे बावीस दिवस उरले होते. विमने विंडोजच्या बाजूने वीस मिनिटं बोलून घेतलं, मी लिनक्सच्या बाजूने वीस मिनिटं. तिने दोघांचं शांतपणे ऐकलं.

"दोन्ही चालतात, हे मला दिसतंय," ती म्हणाली. "माझा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात तुम्ही प्रत्येकजण तीन आठवडे सुट्टीवर जाणार. तेव्हा सर्व्हर कोसळला तर तो दुसऱ्याला उभा करता येईल का?"

विमने सचिनकडे बघितलं, मी माझ्या वहीकडे. मरायके पुढे म्हणाली,

"मंगळवारी बघू. विम लिनक्सचा सर्व्हर शून्यातून उभा करेल, मेधाने लिहिलेलं वाचून. मेधा विंडोजचा करेल, विम आणि सचिनचं वाचून. विचारलेला प्रत्येक प्रश्न मी मोजणार. त्यावर ठरेल."

"सचिनला मेधाच्या वह्या वाचता येतात, म्हणून तो विमला मदत करणार नाही," असंही तिने बजावलं.

"पण वह्या मराठीत आहेत!" विम ओरडला.

"मग तिला डचमध्ये लिहावं लागेल," मरायके म्हणाली. "चार दिवस आहेत."

माझं डच खेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात शिकलेलं. दवाखान्यात आणि बाजारात पुरणारं. चार दिवस बसून मी एकोणीस पानं लिहिली. एका पायरीला एक वाक्य, आणि सोपं. चुका तपासायला सईला बसवलं. तिने पहिल्या पानावरच कपाळाला हात लावला आणि डचमध्ये म्हणाली, "आई, तू प्रत्येक ओळीत 'कृपया' लिहिलंयस. सर्व्हरला कोणी प्लीज म्हणतं का?"

"सर्व्हरला नाही गं. विमला."

तिने मग एकही 'कृपया' खोडला नाही.

मंगळवार, १३ मे. लख्ख ऊन. सकाळी नऊला मी विंडोजचा सर्व्हर उभा करायला बसले. सचिनने दीडशे चित्रं काढून दिली होती, प्रत्येक बटणावर बाण. सिस्टीमची काही तक्रार नव्हती. पण मधली काही पावलं विमच्या डोक्यातच होती, कागदावर नव्हती. मला उठून विचारावं लागलं. मरायके प्रत्येक वेळी एक रेघ ओढत होती.

दुपारी एकला विम आत गेला. मला आत जायला मनाई. मी, सचिन आणि मरायके काचेबाहेर उभे. विम चष्मा कपाळावर चढवून पान वाचायचा, टाइप करायचा, पेन्सिलने बरोबरची खूण करायचा, पुढची ओळ.

सव्वा तासाने तो अचानक उठला, दार उघडून बाहेर आला आणि आमच्याकडे न बघता पँट्रीकडे निघाला.

"सोडलं वाटतं," सचिन पुटपुटला. "ताई, तुम्ही बसा जरा."

मी बसले नाही. उभी होते तिथून पँट्री दिसत होती.

विमने केटल लावली, कप घेतला, टी-बॅग टाकली आणि खुर्चीवर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला. मरायके तरातरा त्याच्यापाशी गेली. "काय झालं? अडलास का?"

विमने कागद तिच्यासमोर धरला आणि बोटाने ओळ दाखवली.

पायरी एकतीस. 'आता मशीन वीस मिनिटं स्वतःच काम करेल. कृपया कशालाही हात लावू नका. कृपया चहा प्या.'

"लिहिलंय," विम म्हणाला, "म्हणून पितोय!"

वीस मिनिटं झाली. त्याने कप धुऊन ठेवला आणि आत गेला.

विमचा लिनक्स सर्व्हर दोन तास अकरा मिनिटांत उभा राहिला. विचारलेले प्रश्न, शून्य. माझा विंडोज सर्व्हर तीन तास चाळीस मिनिटांत. प्रश्न, सहा. शुक्रवारी निर्णय आला: चौदापैकी अकरा सर्व्हर लिनक्सवर, तीन विंडोजवर. माझा करार कायमचा, आठवड्याला बत्तीस तास.