मामांच्या हातांचं माप

आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी माझे सासरे दर सोमवारी मापतात. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर ओढला की ओला झालेला भाग दोन्ही हात ताणून मोजायचा. ताणलेल्या हातांचं एक माप म्हणजे एक परस. भूकंपानंतर आमचं सास्तूर गाव नव्यानं वसलं, घरं बदलली, रस्ते सरळ झाले, पण शेतातली विहीर आणि ती मापायची रीत तशीच राहिली. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा आकडा सांगायचे, मी वहीत लिहायची. पुढं वहीऐवजी मी फोनवर चालणारं एक ॲप तयार केलं. लग्नाआधी शिकलेलं कॉम्प्युटरचं सगळं गंजत चाललंय याचा मला राग येत होता, हे खरं कारण.

ॲपचा कोड मी खुला ठेवला. कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. हळूहळू पुण्याची, कोल्हापूरची, नागपूरची मंडळी कोडात भर घालू लागली आणि पार तामलवाडीपर्यंतचे लोक आपापल्या विहिरींचं पाणी नोंदवू लागले. कुणाला काही हवं असलं की फोन मला. मी हातातला घास ताटात ठेवून उठायची, अंगणात जाऊन बोलायची आणि लगेच बदल करून टाकायची. परत येईपर्यंत भाकरी वातड झालेली असायची. मामा नुसते ताटाकडं बघत. मला मात्र ते सगळं मनापासून आवडत होतं. माझ्यावाचून पान हलत नाही, ही भावना वाईट नसते.

पण माणसं वाढली तसा गोंधळही वाढला. एकाचं केलेलं दुसरा पुसायचा, आणि कोणता बदल का केला हे फक्त माझ्या डोक्यात असायचं. शेवटी आम्ही पाच जणांची समिती केली. नियम असा ठरला की प्रत्येक बदल आधी सगळ्यांसमोर लेखी मांडायचा, आणि दुसऱ्या दोघांनी तपासून होकार दिल्याशिवाय तो कोडात जाणार नाही. मीही हात वर केला. हा नियम इतरांसाठी आहे असं मनातल्या मनात धरलं होतं, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात समितीतल्या कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं, कोडात परसाचे फूट करायला जो आकडा वापरलाय तो कुठून आला? आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. मी खरं ते लिहिलं, की मामांना ओसरीत हात पसरून उभं केलं होतं आणि टेपनं मापलं होतं. त्यावर त्यांनी शांतपणे लिहिलं, मग नीट आधार मिळेपर्यंत परस बंद ठेवू, फक्त फूट ठेवू. दोघांनी होकार दिला आणि परस गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी कधी विहिरीत डोकावून पाहिलं नाही त्यांनी मला शिकवावं, असं मी स्वयंपाकघरात भांड्यांना ऐकवत होते.

मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. "टेपचं माझ्या ध्यानात राहत न्हाय. हातानं मापलेलं राहतं," एवढंच म्हणाले. दोन सोमवार आमच्या विहिरीची नोंद रिकामी राहिली. ज्यांच्या विहिरीपासून हे सगळं सुरू झालं तेच बाहेर पडले, हे मला सोसेना. ॲपची मुख्य चावी, म्हणजे कुणालाही न विचारता कोड बदलायचा हक्क, अजून माझ्याकडंच होता. तिसऱ्या सोमवारी सकाळी मी तो वापरला आणि परस होता तसा परत बसवला. मामांनी दोर काढला. मी जिंकल्यासारखी चहा प्याले.

दुपारी जेवायला बसलो आणि तामलवाडीच्या एका मावशींचा फोन आला. परस बंद होता तेव्हा त्यांनी टेपनं मापून नोंद केली होती, आता पुन्हा हातानं केली. "काल परवा पाऊस न्हाय, काय न्हाय, आन माझ्या हिरीत पाणी वाढलं कसं, बाई?" मी म्हटलं, बघते. मग सहज विचारलं, मावशी, तुमची उंची किती? त्या हसल्या आणि म्हणाल्या की फळीवरचा डबा काढायला त्यांना स्टूल लागतं.

मी तशीच उठून खुंटीवरचा दोर घेतला, हात ताणून मापला. तोच दोर मामांना मापायला लावला. मामांचे चार परस भरले तिथं माझे जवळजवळ पाच भरले. मामा सहा फुटांच्या वर आहेत. त्यांचे हात मी सगळ्या गावांना लावले होते, आणि जितक्या आखूड हातांची माणसं तितकं नसलेलं पाणी त्यांच्या विहिरींत भरून ठेवलं होतं. कोल्हापूरच्या बाईंनी नेमकं हेच विचारलं होतं. मला खरोखर लाज वाटली.

मामांना सगळं सांगितलं. ते दोर गुंडाळत म्हणाले, "मग ज्याचे त्याचे हात एकदा टेपनं मापून घ्यायला सांग की. त्यात काय एवढं."

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर लेखी माफी मागितली, माझा बदल काढून टाकला आणि मामांची सूचना रीतसर मांडली. प्रत्येकानं सुरुवातीला आपले हात मापून ॲपला सांगायचे, पुढं परसातच नोंदवायचं. ती तीनदा परत आली. मापणारा माणूस बदलला तर काय, हात दुखावला तर काय, असे प्रश्न येत गेले. दर वेळी मी आधी चिडले, मग दुरुस्ती केली, आणि दर वेळी ते काम आधीपेक्षा बरं झालं. शेवटचा होकार कोल्हापूरच्या बाईंचाच आला. खाली त्यांनी लिहिलं होतं, मामांना नमस्कार सांगा.

त्याच दिवशी मी मुख्य चावी समितीकडं दिली. आता माझाही बदल दोघांच्या होकाराशिवाय जात नाही.

मामांना वाटलं, आपलं माप अगदीच काढून टाकलं. मी म्हटलं, "तुमच्या विहिरीपुरतं ठेवलंय, मामा."

"मग बास की. माझी हिर तेवढीच हाय." मग त्यांनी विचारलं, "आन तुझी चावी?"

"दिली."

"बरं झालं. आता गरम भाकरी खा," ते म्हणाले आणि माझं ताट पुढं सरकवलं.