तेजाबाची पेटी

आमच्या सेलूच्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. मी समोर उभी असले तरी मामंजी सासूबाईंकडे बघून म्हणत, "तिला म्हणावं, पाणी आण." मला ऐकू आलेलं असे. तरी सासूबाई तेच पुन्हा म्हणत आणि मग मी उठे. माझं उत्तरही त्याच वाटेने परत जाई. नवी नवी होते तेव्हा मला याचं हसू यायचं, पुढे राग यायला लागला. मी बोरीची, बापाशी तोंडावर वाद घालत वाढलेली. सासूबाई मध्ये बसून आमचा सगळा संसार इकडून तिकडे पोचवत आणि कधीकधी वैतागून आपल्याच पदरचं काहीतरी घालून देत.

मामंजी मोंढ्याच्या बाजारातले कापसाचे अडते. बोलणं कमी, शिस्त कडक. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती.

आमच्याकडे एक सरकीची खोली होती. तिच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी कित्येक वर्षं पडून होती. तिच्यात तेजाब आहे, कुणी हात लावायचा नाही, असा मामंजींचा हुकूम. सारवायला गेलं तरी आम्ही पेटीच्या भोवतीने सारवायचो. ते स्वतः मात्र रोज त्या खोलीत जात, सरकी बघून येत. दाराशी थोडा वेळ थांबत. मला वाटे, म्हाताऱ्याला सरकीची फारच काळजी.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. त्या वर्षी थंडीत ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, निमोनिया झाला. अळशीचं पोटीस झालं, शेक झाला, ताप काही हटेना. मग परभणीहून रेल्वेने डॉक्टर आले. छाती बघून झाल्यावर त्यांनी बॅगेतून एक बाटली काढली. तळाशी थोडंसं उरलं होतं, ते चमच्याने ह्यांच्या तोंडात घातलं. घटकाभरात नाडीला जरा जोर आला, तो त्यांनी मला माझ्या बोटांनी बघायला लावला. ताप एकदम उतरेल तेव्हा अंगाला घाम सुटेल आणि नाडी बसेल, त्या वेळी हे औषध चमचाचमचा गरम पाण्यातून गेलं पाहिजे, असं ते म्हणाले. औषध म्हणजे फ्रान्सची ब्रँडी. लढाईने आगबोटी बंद, त्यांच्याकडचा हा शेवटचा थेंब. कुठे मिळाली तर बघा, पण खात्री असल्याशिवाय देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. सरकी काढायच्या कारखान्यातले, जिनमधले लोक असल्याच रिकाम्या बाटल्यांत पॉलिशचं स्पिरिट भरून ठेवतात. ते पोटात गेलं तर डोळे जातात, माणूसही जातो.

मामंजी ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. डॉक्टरांना पोचवायला स्टेशनवर गेले ते उशिरा परत आले.

रिकामी बाटली डॉक्टर माझ्यापाशीच ठेवून गेले होते. काळपट हिरवी, खांद्याला रुंद, बुडाला आत गेलेला खळगा. कागदावर द्राक्षाचा घड. अशी बाटली मी पाहिली आहे, असं मला सारखं वाटत होतं. पेटीची एक फळी कधीची निखळली होती, तिच्या फटीतून सारवताना असलेच खांदे दिसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या कपाळाला घाम फुटला, पाय गार पडायला लागले. मी खुरपं घेतलं आणि सरकीच्या खोलीत जाऊन फळी उचकटली.

आत वाळलेल्या गवतात बाटल्या निजवलेल्या होत्या. कागद वाळवीने खाल्ले होते. एकीवर तेवढं द्राक्षाचं पान आणि घडाचा अर्धा तुकडा उरला होता. मी डॉक्टरांच्या बाटलीच्या खळग्यात अंगठा घातला, मग ह्या बाटलीच्या. दोन्हीकडे अंगठा सारखाच बुडाला. पण एकूणएक बाटलीच्या तोंडावरची शिशाची टोपी फाटलेली होती आणि बूच सैल होतं. आत कुणी काय भरलं असेल, हे बाहेरून कसं कळावं?

बाटली घेऊन मी ह्यांच्या खोलीत आले. सासूबाई उशाशी बसल्या होत्या, मामंजी पायाशी. बाटली बघून मामंजी उभेच राहिले.

"तिला म्हणावं, तेजाब हाय त्यात. हात भाजंल."

सासूबाईंनी ते मला सांगितलं. मी बूच काढलं आणि शहाबादी फरशीवर थोडं ओतलं. माझ्या माहेरच्या भिंतीला लागून सोनाराचं घर. तेजाबाचा थेंब फरशीवर पडला की कसा फसफसतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे फरशी नुसती ओली झाली. मग मी कापसाचा बोळा भिजवला. तोही जळाला नाही, काळा पडला नाही.

"त्यांना म्हणावं, हे तेजाब न्हाई," मी म्हणाले.

मामंजी खाली बसले. म्हणाले, तेजाब नसेल तर स्पिरिट असेल, जिनच्या फिटरने भरलं असेल. त्यात तथ्य होतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. बोळ्याला काडी लावली, निळी ज्योत उठली. पण स्पिरिटही निळंच जळतं, एवढं मला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या बाटलीत नाक खुपसलं, मग ह्या बाटलीत. जन्मात ज्याने हा वास घेतला नाही त्याला दोन्ही सारखेच, नाकाला झोंबणारे. मी हे सगळं करत होते आणि तिकडे ह्यांचे ओठ निळे पडत चालले होते. मला रडू येत होतं. पण रडले असते तर हातातली बाटली कुणीतरी काढून घेतली असती, म्हणून मी रडले नाही.

"त्यांना म्हणावं, सेलूत ही वळखणारा कोन हाय त्याचं घर सांगा. न्हाई सांगितलं तर मी बाटली घेऊन गुत्त्यावर जाते. तिथं कुनीतरी सांगंल."

अडत्याची लिंगायत सून भर दुपारी दारूच्या गुत्त्यावर. सासूबाईंनी हे वाक्य पोचवलंच नाही. त्या नुसत्या मामंजींकडे बघत राहिल्या आणि बघताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जुनं वर आलं.

मामंजींनी डावा हात छातीवर नेला, लिंगाची डबी मुठीत झाकली आणि उजवा तळहात पुढे केला.

"तिला म्हणावं, वत."

मी तळहातावर थोडी ओतली. त्यांनी ती बोटांनी चोळली, पहिला झोंबणारा वास उडून जाऊ दिला आणि मग तळहात नाकाशी नेला. डोळे मिटले. खोलीत मनुकांसारखा, जुन्या लाकडासारखा गोडसर वास दरवळला. तो मला त्या वेळी पहिल्यांदा आला.

"द्राक्षाची हाय. जुनी. साहेबाच्या बंगल्यातली," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मिसळ असंल तर जिभंला कळंल."

त्यांनी चमचा मागितला, तोही सासूबाईंकरवीच. एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. भिंतीकडे तोंड करून काही वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, दे."

मी गरम पाण्यातून चमचाचमचा देत राहिले. संध्याकाळपर्यंत ह्यांचे पाय कोमट झाले. सकाळी डोळे उघडून मला म्हणाले, तोंड कशाने कडू झालंय. आताचे डॉक्टर म्हणतात ब्रँडीने निमोनिया बरा होत नसतो. नसेल होत. मला ते पटवून घ्यायचं नाही.

पेटीची हकीकत मामंजींनी सासूबाईंना सांगितली, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात. तरणेपणी जिनच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कापसाचे सौदे होत, तिथे पेल्याची सवय लागली. सासूबाई तेव्हा रागाने माहेरी निघून गेल्या होत्या. मग आमच्या जंगम गुरूंपुढे, महाराजांपुढे, पुन्हा न पिण्याची शपथ झाली. साहेब गाव सोडून जाताना ही पेटी भेट देऊन गेला. टाकून का दिली नाही, असं मी सासूबाईंकरवी विचारलं.

"तिला म्हणावं, टाकली असती तर दुसरी आनली असती. ही जवळ होती. हिला रोज जाऊन न्हाई म्हणत व्हतो."

गावात गोष्ट लपत नसते. अडत्याच्या सुनेनं नवऱ्याला दारू पाजली, हे आडावर बोललं जाऊ लागलं. बायका माझी घागर भरेपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या. शेवटी जंगम महाराज आले, भाऊबंद ओसरीवर जमले. मी आणि सासूबाई दाराआड. ह्यांना लोडाला टेकवून आतल्या खोलीत बसवलं होतं. एका वडीलधाऱ्याने विचारलं की सुनेला आवर घालायला घरात कुणी नव्हतं का.

मामंजी म्हणाले, "महाराज, पाजली मी, आन् आधी प्यालो बी मीच. सुनेकडं बोट करू नका. त्याचं काय प्रायश्चित्त असंल ते घेतो. पन मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटायलीय. इतक्या वर्सांनी वास आला आन् मनानं लगीच वळखलं. मला वाटायचं, मी इसरलो."

त्यांचा आवाज फाटला. भाऊबंदांपैकी कुणी वर बघेना. मला त्यांची फार दया आली आणि इतका अभिमान वाटला की पाय दाराआड थांबेनात. मी उंबऱ्यावर आले. पुरुषांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, मामंजींशी तर कुठेच नाही.

"मामा," मी म्हणाले, "तुमी वळखलं म्हणून हे जित्ते हायेत."

आतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मामंजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"पोरी, महाराजाला पानी आन."

सासूबाईंनी सवयीने तोंड उघडलं, पण मी तोवर तांब्या भरायला गेले होते.