माझीच हरकत

मी निघालो तेव्हा अंगावर लग्नासाठी शिवलेला नवा सदरा होता आणि वडिलांनी दार आतून लावून घेतलं होतं. आई रडत होती. "आमाला तू मेलास!" वडील आतूनच ओरडले. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या मिठागरवाल्यांच्या पाड्यात तेव्हापासून माझं नाव कुणी काढत नाही म्हणे. म्हणून तर हे लिहितोय, तुम्हां घरच्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडावं लागलेल्यांनाही.

झालं ते देवळात. आम्हां ख्रिस्तावांत लग्नाआधी तीन रविवार मिसेच्या प्रार्थनेच्या वेळी नवरा-नवरीची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. रोझीशी माझं ठरलं होतं. पोरगी गुणाची, पण माझा जीव जडला होता इनासवर. तो कल्याणला इंजिनांच्या शेडमध्ये लोहारकाम करायचा. दोन रविवार मी मुंडी खाली घालून बसलो. तिसऱ्या रविवारी उभा राहिलो.

"हरकत माझीच हाय, पाद्रीबाबा. माझा जीव इनासवर हाय. देवापुढं खोटं नाय बोलनार."

तुम्ही म्हणता, त्या दिवशी मी देवाला सोडलं. साफ चूक! खोटं वचन दिलं असतं तर सोडलं असतं.

आता कल्याणला आम्ही दोघं रोज संध्याकाळी गुडघे टेकून तेर्स म्हणतो, हातात माळ धरून, अगदी आईने शिकवली तशी. सुरुवातीला मी शेवटी सवयीने माफी मागायचो. एकदा इनास वैतागला. "अरे, कसली माफी मांगतंस रोज रोज? देवही कंटाळला असंल." मला हसू आलं, मग रडूही आलं. माफी मी अजूनही मागतो, माझ्या रागाची, रोझीला दोन रविवार फसवल्याची. इनासवर जीव जडल्याची मागत नाही, मागणार नाही.

परवा खानेसुमारीचा कारकून आला. माझं नाव लिहून त्याने इनासकडे बोट केलं. "हे आपले कोण? बंधू?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो.

"घरचा," मी म्हटलं.

"अहो, मी नातं विचारतोय."

"तेच सांगतोय."

"असं नातं आमच्या कागदात नाही."

"मंग लिवा," मी म्हटलं, "म्हंजे होईल."