आम्ही हैद्राबादला नव्हतोच

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, चर्चच्या पाळकांजवळ नाही. प्रार्थनेत — हो, प्रार्थनेतसुद्धा — या जागेवर आले की मी घाईघाईनं आमेन म्हणते आणि डोळे उघडते. तुला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही. फक्त मध्येच "जाऊ दे गं" म्हणू नकोस. तसं म्हणालीस तर मी थांबेन, आणि मला थांबायचं नाही.

मी निलंग्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवते. तोंडानं फटकळ आहे, पोरं मला टरकून असतात. आणि मी? मी सगळ्यांना टरकून. सासूला, दिराला, हेडमास्तरला, संस्थेच्या अध्यक्षांना. आमचं घर शेतीवाडीचं, भावकी मोठी, देवघरात रोज दिवा. आणि त्या घराची सून गेली सात वर्षं गुपचूप एस्तरमावशीकडं प्रार्थनेला जात होती. लोकांना सांगायचं, ब्लाउज शिवायला टाकलाय. नवऱ्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला होता, "तुझं तू बघ, पण माझ्या भावकीत बोभाटा नको."

एस्तरमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत शिलाई करायची. नवरा कधीच वारलेला, एकच मुलगी शांता, ती हिमायतनगरला दिलेली. मावशीचं वय पासष्टीचं, पण मशीनवर बसली की पाय विशीतला. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा घरातल्या कुणाला माझ्याशी काय बोलावं ते सुचेना. ही बाई रोज येऊन नुसती शेजारी बसायची. म्हणून मी तिच्याकडं जायला लागले. प्रभूकडं म्हण, नाहीतर तिच्याकडं म्हण. खरं सांगू? मला त्यातला फरक कधी कळला नाही.

मावशीच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, हैद्राबादला मोठी शाखा होती. तिथून आठ जण सेवेसाठी युगांडाला निघाले — तिथल्या खेड्यातल्या विधवांना शिवणकाम शिकवायचं, पोरांना गाणी शिकवायची, प्रार्थना घ्यायच्या. मावशीचं नाव पहिलं. पण तिला इंग्रजीचा गंध नाही. म्हणाली, "पोरी, तू चल माझ्यासंगं. माझं बोलणं त्यांना तूच सांगायचं." आणि मला — भित्र्या बाईला — कसली हौस आली देव जाणे, मी हो म्हणाले.

आता तीन आठवडे घरातून, शाळेतून गायब कसं व्हायचं? मी सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन आहे. गर्भपिशवी काढायची, हैद्राबादला बहिणीकडं राहून. घरात खरं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं, त्याची अट तीच. बाकी असल्या आजारात पुरुष खोलात शिरत नाहीत. हेडमास्तरांनी मान खाली घालून रजा मंजूर केली. सासूबाई तर हळव्याच झाल्या. "एस्तरबाई येऊन राहिली का संगं? लई झालं," म्हणाल्या आणि मी परत यायच्या आत डिंकाचे लाडू करून ठेवायला बसल्या. मला काय वाटलं असेल तेव्हा? लाज? छे! मला वाटलं, जमलं बुवा.

तिथले दिवस चांगले गेले. त्यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही, माझी कबुली तिथली नाहीच. माझी कबुली परतीच्या वाटेवरची आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्याबरोबरच्या नर्सनं प्रत्येकाला एक छापील कागद दिला. इंग्रजीत. पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, आणि आपण कुठल्या देशातून आलो ते सगळ्यात आधी सांगा — इथला मलेरिया जीव घेतो. मावशीनं विचारलं, "काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "तब्येतीला जपा म्हणतात." कंटाळले होते, सामान भरायचं होतं. आणि मला हेही माहीत होतं की मावशीनं मलेरिया होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. पित्त खवळतं म्हणायची.

परतीला तीन दिवस लागले. जीपनं विमानतळ, मग दुबई, तिथं सात तास बसून, मग हैद्राबाद. ते सात तास मी एकाच गोष्टीत घालवले. आमच्यातल्या एका उत्साही पोरीनं सगळ्यांचे फोटो फेसबुकवर टाकले होते. एका फोटोत मी, डोळे मिटलेले, हात वर केलेले. दिराच्या पोराचं सगळं लक्ष फोनमध्येच, त्यानं बघितला असेल तर? हेडमास्तरांनी? मी त्या पोरीच्या हातापाया पडून फोटो काढायला लावला, मग दर पाच मिनिटांनी बघत बसले, खरंच गेला ना. शेजारी मावशी शाल गुंडाळून कुडकुडत होती. मी म्हणाले, एसी जास्त आहे इथं.

विमानात तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

तेव्हा मी काय केलं? उतरायच्या तासभर आधी तिला तापाची गोळी दिली. हैद्राबादला आफ्रिकेतून आलेल्यांची पिवळ्या तापाच्या लसीची पिवळी कार्डं तपासतात, ताप आहे का विचारतात. अडकवून ठेवलं तर? घरी फोन गेला तर? काउंटरवरच्या माणसानं विचारलं तेव्हा आमच्या दोघींच्या वतीनं मीच म्हणाले, नाही, काही नाही. बाहेर आल्यावर मावशीचा पासपोर्ट आणि पिवळं कार्ड मी माझ्या पर्समध्ये ठेवलं. तिनं गल्लीत कुणाला कौतुकानं दाखवू नये म्हणून.

बिदरहून निलंग्याच्या एसटीत दिराचा एक दोस्त भेटला. "वहिनी, कसं झालं ऑपरेशन?" मी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. आणि मावशी — अंगात इतका ताप असताना — खिडकीची जागा सोडून उठली, म्हणाली, "तिला बसू द्या, टाके ओले हायत." मी बसले. खरंच बसले बघ. ती दांड्याला धरून उभी राहिली, भालकी येईपर्यंत.

घरी मी पोटाला पट्टा बांधून, वाकून चालायला लागले. सासूबाई लाडू भरवत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई सांगत आली, एस्तरबाईला लई ताप हाय, न्हाई उतरून राहिला. मी रिक्षा केली आणि तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणजे आमचे घरचे. त्यांची बायको माझ्याच शाळेत गणित शिकवते. त्यांनी तपासलं, रक्त घ्यायला सांगितलं, आणि विचारलं, "बाहेरगावी कुठं गेल्या होत्या का?"

मी म्हणाले, हैद्राबादला. माझ्या ऑपरेशनला सोबत म्हणून.

त्यांनी मावशीकडं पाहिलं. "हो का, मावशी?" मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "हाव डॉक्टर. पोरीची सेवा केली." डॉक्टर म्हणाले, मग डेंग्यूच असेल, हैद्राबादला त्याचीच साथ आहे. पेशी कमीच निघाल्या. सलाईन लावलं. पर्स माझ्या मांडीवर होती, पिवळं कार्ड त्यात होतं. मी चेन नीट लागली आहे का ते बोटानं चाचपून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. ऑपरेशन झालेली बाई रोज रोज बाहेर कशी जाईल? खोटं नाही सांगत, हेच कारण मी स्वतःला दिलं. घरात आडवी पडून राहिले आणि कागदावरची ती ओळ डोळ्यांसमोरून हलेना. फोन हातात होता, डॉक्टरांचा नंबर त्यात होता. किती वेळा काढला म्हणून सांगू? प्रत्येक वेळी गणिताच्या मॅडमचा चेहरा दिसायचा, स्टाफरूम दिसायची, सासूबाई दिसायच्या — लाडवाचं ताट घेतलेल्या.

पाचव्या दिवशी मावशी बरळायला लागली. शांता हिमायतनगरहून आली होती. तिनंच लातूरला हलवलं. मीही गेले, पट्टा बांधून. तिथं तासाभरात निदान झालं. मेंदूत गेलेला मलेरिया. तिथला तरुण डॉक्टर चिडलाच होता. "हा असा मलेरिया आपल्याकडं? कुठून आणला यांनी? दोन दिवस आधी कळलं असतं तर बाई चालत घरी गेली असती." त्यानं आम्हा दोघींकडं पाहिलं. शांताला काही माहीत नव्हतं. आई हैद्राबादला गेली होती एवढंच तिला ठाऊक, कारण सगळ्यांना, इथल्या मंडळीलासुद्धा, तसंच सांगायचं असं मीच मावशीकडून कबूल करून घेतलं होतं. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेली.

मातीला आमच्या घरचे झाडून सगळे आले. सासूबाईसुद्धा. म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी गेली गं बाई ती, तिथंच डास चावला तिला." शांता माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुम्ही होता म्हणून तिला येळेवर दवाखाना तरी दिसला," म्हणाली. पुढं स्मरणसभेत पाळकांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, अशी रीत आहे आमच्यात. मी उभी राहिले. प्रभूनं तिला बोलावून घेतलं, असं म्हणाले. बायका रडल्या. मी पण रडले, आणि रडताना भीती एकच — कुणी तारखा जुळवू नयेत.

नोकरी टिकली. घर टिकलं. गावात कानोकान खबर नाही.

आणि अजून एक राहिलंय. आत्तापर्यंतचं जे सांगितलं ते सांगता येण्यासारखं होतं, म्हणून आधी सांगितलं.

निलंग्याच्या दवाखान्यात नंबर यायच्या आधी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मावशी माझ्या खांद्याला टेकली होती, अंग निखाऱ्यासारखं. मला वाटत होतं तिला काही कळत नाही. तिनं हळूच विचारलं, "पोरी, डॉक्टरला खरं सांगू या का, आपण कुठं होतो ते? मला लई भ्या वाटून राहिलं." तिनं विचारलं होतं. अडाणी बाईला ते सुचलं होतं, आणि तिला भीती वाटत होती. मी आजूबाजूला कोणी ओळखीचं ऐकत नाही ना ते आधी पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, माझं वाटोळं होईल."

मग माझा हात तिनं तिच्या हातात घेतला आणि म्हणाली, "बरं. मग ऱ्हाऊ दे."