बोटीवरच्या खलाशाचा शाप

शी! असला भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नव्हता. माझी लेक तिच्या कॉलेजच्या गावाहून, स्टेट कॉलेजहून, दोन मैत्रिणींना घेऊन वीकेंडला इथे अमेरिकेत, हर्नडनला घरी आली होती. जुने, स्वस्तात उरकलेले खूनपट लावायचे आणि खिदळत बसायचं, हा या पोरींचा छंद. शनिवारी दुपारी चिवड्याचे वाडगे मांडीवर घेऊन त्यांनी एक लावला. ब्लॅक अँड व्हाइट, मालवाहू बोटीवर घडणारा.

बोट कसली, पुठ्ठा! कॅप्टन टेकला की भिंत हलायची. प्रत्येक केबिनला तीच एक गोल खिडकी. प्रेतं पापण्या मिटायची आणि उघडायची. इथवर मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग मुंडासं बांधलेला एक खलाशी आला. रंग फासलेला गोरा नव्हे, खरा आपल्याकडचा माणूस. हाच खुनी वाटावा म्हणून त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून काहीतरी पुटपुटायला लावलं होतं. खाली अक्षरं आली, 'परक्या भाषेत शाप देतो.' लगेच कॅप्टनने त्याला गोळी घातली. नंतर कळतं, खुनी भलताच कुणीतरी. पण मेलेल्याचं कुणाला सोयरसुतक नाही, हिरो-हिरोइन आपले डेकवर मिठ्या मारतायत. मला किळस आली.

त्याहून जास्त पोरींची आली. त्यांना तो शाप फारच आवडला. मागे नेऊन नेऊन त्याच्या नकला, डोळे काय फिरवतायत, हात काय नाचवतायत! सगळ्यांत हुबेहूब नक्कल माझ्या लेकीची.

"बंद कर ते!" मी खेकसले. "शाप नाहीये तो."

"चिल, आई! इट्स जिबरिश."

"मालवणी आहे ती. 'आवशीक सांगा, मी बरो आसंय.' आईला सांगा, मी बरा आहे, म्हणतोय तो."

तुझ्या भाषेत काहीतरी बडबड, असं सिनेमावाल्यांनी सांगितलं असणार त्याला. त्या मेल्यांना थोडंच कळणार होतं? त्याने आपला घरी निरोप धाडला.

लेक म्हणाली, "पण मला मराठी येते ना, आई. तूच शिकवलीस. मग मला का नाही कळलं?"

काय सांगू, कपाळ? मी कुडाळची. पुण्याच्या हॉस्टेलात माझ्या तोंडून 'खंय', 'कित्याक' निघालं की मुली फिदीफिदी हसायच्या, अश्शाच नकला करायच्या. मी ती बोली गिळली ती गिळलीच. दर रविवारी इथल्या मराठी शाळेत लोकांच्या मुलांचं 'तो-ती-ते' सुधारते, आणि पोटच्या पोरीला मालवणीचा एक शब्द दिला नाही. शेण खाल्लं मी. आणि चालले होते सिनेमावाल्यांना नावं ठेवायला!

हे सगळं तिला तसंच सांगितलं.

रविवारी सकाळी त्या निघाल्या. 'पोचलीस की मेसेज कर,' हे मी दरवेळी बजावते आणि दरवेळी नुसता अंगठा येतो. त्या दिवशी चक्क देवनागरीत आलं, 'आवशीक सांगा, मी बरो आसंय.'

मला रडूच फुटलं. सवयीने 'बरो नाही गो, बरी' असं लिहिलंसुद्धा. मग ते पुसलं आणि जेवलीस ना, हे मालवणीत विचारलं, 'जेवलंस मां?'